छायेची साक्ष

दिव्यासमोर हात धरून भिंतीवर हरिणाची छाया पाडण्याचा खेळ लहानपणी कोणी खेळला नाही? हात दिव्याजवळ नेला की छाया मोठी होते, पण तिच्या कडा पुसट होतात. हीच छाया शिस्तीत आणली, तर ती कारखान्यातील विश्वासू परीक्षक बनते.

आपल्या इंदूरजवळील पीथमपूर येथे मोटारींचे भाग मोठ्या प्रमाणावर तयार होतात. एका जातीचा कोणताही भाग दुसऱ्याच्या जागी बिनचूक बसला पाहिजे. स्क्रूचे आटे किंचित बोथट राहिले, तर पकड सैल पडते. आणि तो स्क्रू ब्रेकमधील असेल, तर प्रवाशांच्या प्राणांशीच गाठ! मायक्रोमीटर वस्तूस स्पर्श करून माप घेतो. परंतु आट्यांचा बारीक आकार त्याच्या साध्या जबड्यांना उमगत नाही, आणि रबराची वस्तू तर दाबानेच चेपते. अशा वेळी प्रकाशाचे साहाय्य घ्यावे लागते.

'प्रोफाइल प्रोजेक्टर' या यंत्रात भिंगाच्या योगे समांतर केलेले किरण त्या भागावर सोडतात. त्याची छाया दहा, वीस किंवा पन्नास पट मोठी होऊन पडद्यावर रेखीव उमटते. पन्नास पट वर्धन असता ०.०२ मिलिमीटरचा दोष पडद्यावर १ मिलिमीटरचा दिसतो! पडद्यावर मूळ आकृतीचा पारदर्शक आराखडा लावला, की छाया रेषेबाहेर कोठे जाते ते तत्काळ कळते. अमेरिकेत जेम्स हार्टनेस व दुर्बिणींचे छांदिष्ट रसेल पोर्टर यांनी १९२० च्या सुमारास आटे तपासण्यासाठीच असे यंत्र सिद्ध केले. आज पुष्कळ ठिकाणी पडद्याची जागा कॅमेरा व संगणक यांनी घेतली आहे. तत्त्व मात्र तेच आहे.

तथापि साक्षीदाराचीही परीक्षा घ्यावी लागते. काचेवर आखलेली प्रमाणित पट्टी ठेवून यंत्राचे वर्धन आधी पडताळतात. शिवाय मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस ठरलेले आहे. आपल्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर चढतो. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा २० अंशांनी तापला, तर सुमारे ०.०२३ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे जो दोष शोधावयाचा, त्याहून ही वाढच मोठी! म्हणून तपासणीची खोली थंड राखतात आणि भागही तेथे काही काळ निवू देतात.

सांवेर मार्गावरील इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे व हत्यारे घडविण्याचे शिक्षण मिळते. आपणांपैकी कोणी उद्या तेथे गेला, तर त्याने ध्यानी ठेवावे: भाग घडविणे हे अर्धेच काम, तो खरा उतरला की नाही, हे निर्भीडपणे पाहणे हे उरलेले अर्धे.