अर्धी सुधारणा

घरास आग लागली असतां पाणी ओतणाराच्या हेतूची चिकित्सा कोणी करीत नाहीं. पण आग विझल्यावर त्यानें घराची पुनर्बांधणी कशी केली, हें पाहणें मात्र घरांत राहणाऱ्या प्रत्येकाचें कर्तव्य ठरतें. १९९१ ते १९९६ या पांच वर्षांत श्री. नरसिंह राव यांच्या सरकारनें आर्थिक बाबतींत जी उलथापालथ केली, तिला आतां तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. स्तुतिपाठकांचा उत्साह व निंदकांचा त्वेष हे दोन्ही आतां ओसरले असल्यामुळें, व्यापारी जसा जुनी खातेवही उघडून जमा व नांवें या दोन्ही बाजू ताडून पाहतो, तसा या कारकीर्दीचा हिशेब मांडण्यास हरकत नाहीं.

ता. २१ जून १९९१ रोजीं हें सरकार अधिकारारूढ झालें, तेव्हां तिजोरीची स्थिति काय होती? परकीय चलन दोनतीन आठवड्यांच्या आयातीस पुरेल इतकेंच उरलें होतें. मध्यवर्ती सरकारची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारें ८ टक्क्यांवर गेली होती. आखाती युद्धामुळें तेल महागलें होतें आणि परदेशस्थ भारतीय आपल्या ठेवी काढून घेऊं लागले होते. आदल्या सरकारनें २० टन सोनें स्वित्झर्लंडांतील एका पेढीस देऊन वेळ निभावली होती. जुलै महिन्यांत रिझर्व्ह बँकेचें आणखी सुमारें ४७ टन सोनें इंग्लंड व जपान येथील मध्यवर्ती बँकांकडे गहाण पडलें. घरांतील सोनें सावकाराकडे जाऊं लागलें म्हणजे पेढीची पत कोठवर आली, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

अशा समयीं अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनीं जें केलें, तें धैर्याचें होतें यांत संशय नाहीं. जुलैच्या १ व ३ तारखेस रुपयाचें मूल्य दोन हप्त्यांनीं मिळून सुमारें १८ टक्के उतरविण्यांत आलें. ता. २४ जुलै रोजीं एकाच दिवशीं नवें औद्योगिक धोरण व नवा अर्थसंकल्प असे दोन्ही लोकांपुढें आले. १८ उद्योग वगळून बाकीच्यांचा परवाना रद्द झाला. कारखाना काढावयाचा असो कीं असलेला वाढवावयाचा असो, दिल्लीच्या दारीं वर्षानुवर्षें तिष्ठत बसण्याची जी चाल पडली होती, ती एका सहीनें मोडली. आयातजकातीचा कमाल दर १५० टक्क्यांवर आणण्यांत आला व १९९५ पर्यंत तो ५० टक्क्यांवर उतरला. १९९३ सालीं रुपयाचा भाव बाजारावर सोपविला गेला. १९९१-९२ सालीं राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ दीड टक्काही नव्हती, ती १९९४ नंतर ७ टक्क्यांच्या घरांत गेली. आणि परकीय चलनाचा सांठा, सोनें धरून, मार्च १९९५ मध्यें २५ अब्ज डॉलरांवर पोंचला. जमेची बाजू ही अशी आहे, आणि ती लहान नाहीं.

आतां नांवें बाजू पाहूं. संकट टळतांच सुधारणेचा वेग मंदावला. सुरुवातीस खालीं आणलेली तूट १९९३-९४ सालीं पुन्हां ७ टक्क्यांच्या आसपास चढली. लहान कारखान्यांसाठीं राखून ठेवलेल्या आठशेंहून अधिक वस्तूंच्या यादीस या सरकारनें फारसा हात लाविला नाहीं. ती यादी पूर्णपणें संपण्यास २०१५ साल उजाडलें. धंदा काढणें सोपें झालें, पण बुडालेला धंदा रीतसर मिटविण्याचा सुबोध कायदा २०१६ पर्यंत झाला नाहीं.

शेतकऱ्याची कथा तर याहून विषम आहे. खताच्या किंमती ४० टक्क्यांनीं वाढविण्याचा बेत झाला व ओरड होतांच ती वाढ ३० टक्क्यांवर आली. पण त्याचा माल त्यानें कोणास विकावा, या प्रश्नाकडे कोणी पाहिलेंच नाहीं. आमच्या महाराष्ट्रांत १९७२ पासून सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी या काळांतही चालूच होती. शेतमालाचा बाजार हा प्रांतिक सरकारांच्या कक्षेंतला, ही सबब खरी आहे. पण प्रांतांचीं मनें वळविणें हेंही मध्यवर्ती सरकारचेंच काम नव्हे काय? गिरणीवाल्यास यंत्र हवें तेथून घेण्याची मोकळीक असावी आणि वऱ्हाडांतील कास्तकारास कापूस हवा तेथें विकण्याची नसावी, यास सुधारणा म्हणावें कीं पक्षपात?

दुसरा दोष देखरेखीचा. १९९२ सालीं मुंबईच्या शेअरबाजारांत बँकांचा पैसा आडमार्गानें शिरला व कित्येक लहान गुंतवणूकदार धुळीस मिळाले. बाजारावर नजर ठेवणाऱ्या मंडळास कायद्याचें बळ त्याच वर्षीं मिळालें होतें. म्हणजे दरवाजे उघडले गेले, पण पहारेकरी अजून पागोटेंच बांधीत होता. मोकळा बाजार म्हणजे बेबंद बाजार नव्हे, हा धडा आम्हांस फार महाग पडला.

तिसरा दोष आमच्या मतें सर्वांत मोठा. हें सर्व लोकांस समजावून न सांगतां केलें गेलें. नवें धोरण हा जुन्याच धोरणाचा विस्तार होय असें भासविण्यांत आलें, आणि लोकसभेंत बहुमत नसल्यानें तसें करणें सोयीचेंही होतें. परंतु जी सुधारणा लोकांच्या बुद्धीस पटवून केलेली नसते, तिला संकटकाळीं कोणी वाली उरत नाहीं. १९९६ च्या निवडणुकींत या सरकारचा पराभव झाला, त्यास कारणें अनेक होतीं. पण आपल्या सर्वांत मोठ्या कार्याचा अभिमान त्याच्या स्वतःच्या पक्षासही मोकळेपणानें मिरवितां आला नाहीं, हें विसरतां येत नाहीं.

मात्र सारा दोष सरकारच्याच माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. १९९३ सालीं मुंबईंत कांहीं बडे उद्योगपति एकत्र जमले व परकीय स्पर्धेपासून संरक्षण मागूं लागले. परवाना गेला याचा आनंद, पण प्रतिस्पर्धी आला याचें दुःख! स्वतःस स्वातंत्र्य व दुसऱ्यास बंधन, ही वृत्ति बड्यांचीच नव्हे. आमच्या पेठेंतील अडत्या, दलाल व दुकानदार यांनींही आपल्या उरावर हात ठेवून विचारावें कीं, शेतकऱ्यानें माल थेट गिऱ्हाइकास विकावा असा प्रश्न निघतो, तेव्हां आपण कोणत्या बाजूस उभे राहतों?

तात्पर्य, या सरकारनें देशास दिवाळ्यापासून वांचविलें आणि उद्योगाच्या पायांतली बेडी तोडली. त्याचें हें ऋण मान्य न करणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु ज्या हातोड्यानें कारखानदाराची बेडी तुटली, तो शेताच्या बांधापर्यंत पोंचला नाहीं. म्हणून या सुधारणेस आम्ही अर्धी म्हणतों. उरलेली अर्धी सोनें गहाण पडण्याची वाट न पाहतां, शांतपणें व लोकांस विश्वासांत घेऊन करणें, हेंच खऱ्या मुत्सद्देगिरीचें लक्षण होय.