नवजात बालकाचे पोट आणि उपकारक जंतू

गतवर्षी आमच्या घरी नातू जन्मास आला. प्रसूती शस्त्रक्रियेने झाली. अशा बालकास मातेच्या जन्ममार्गातील जंतू लाभत नाहीत, असे कोणीतरी सांगितल्यावरून चिरंजीवांनी ‘प्रोबायोटिक’ थेंबांची बाटली आणली. वेष्टनावर आयुष्यभराच्या पचनशक्तीची हमी होती. धान्याच्या ठोक व्यापारात जन्म गेलेल्या मनुष्यास पोत्यावरील छापापेक्षा आतील नमुना पाहण्याची खोड असते. म्हणून मी चौकशी आरंभिली.

रिकाम्या वखारीत ज्याची थप्पी प्रथम लागते, त्यास पुढे हलविणे जड जाते. बालकाच्या आतड्याचेही काहीसे तसेच आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील आंरी तिसिए यांनी १९०० च्या सुमारास स्तनपान करणाऱ्या बालकांच्या मळात ‘बिफिडो’ जातीचे जंतू दाखवून दिले. मातेच्या दुधातील काही शर्करा बालकास मुळीच पचत नाहीत. त्या याच जंतूंचे अन्न होत. पाहुण्यासोबत त्याचा शिधाही धाडावा, अशी ही निसर्गाची योजना.

ओडिशातील ग्रामीण भागात ४,५५६ नवजात बालकांवर झालेला प्रयोग २०१७ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या बालकांस सात दिवस ‘लॅक्टोबॅसिलस प्लांटारम’ हा जंतू व त्याचे खाद्य दिले. जंतुसंसर्ग वा मृत्यू यांचे प्रमाण इतरांत शेकडा ९, तर यांच्यात ५.४ भरले. लाभ खराच मोठा. परंतु बालकांवर लक्ष ठेविले ते साठ दिवस. शिवाय ती बालके स्तनपान करणारी होती. साठ दिवसांच्या हिशेबावर आयुष्यभराची हुंडी कशी लिहावी? अपुऱ्या दिवसांच्या बालकांस तर असे जंतू कधीकधी घातकही ठरतात. अमेरिकेच्या औषध खात्याने २०२३ साली तसा इशारा दिला.

येथे एक गोष्ट संकोचाने लिहितो. याच चिरंजीवांच्या जन्मसमयी मातेचे पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, बाधते असे समजून आमच्या मातोश्रींनी पिळून टाकविले आणि तीन दिवस गुळाचे पाणी चाटविले. मी दाराशी उभा होतो, बोललो नाही. महिन्याच्या आत मुलास अतिसार झाला व तो कसाबसा वाचला. तो त्यामुळेच झाला, असे छातीठोकपणे म्हणवत नाही. पण ते दूध रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेले असते, हे मला फार उशिरा कळले.

नातवाच्या वेळी मी बोललो. डॉक्टरांनीही पूर्ण दिवसांच्या, निरोगी बालकास थेंबांची आवश्यकता नाही, असे सांगून तासाभरातच त्यास सूनबाईंजवळ दिले. सहा महिने पाण्याचा थेंबही दिला नाही. दुकानदाराने बाटली परत घेतली नाही. ती फडताळात तशीच मोहोरबंद पडून आहे.