करारात नसलेली खोली

तारनाका हे नाव मराठी कानाला परकं वाटतच नाही. तारही आपली आणि नाकाही आपला. निजामाच्या काळात इथे तारेचं कुंपण घातलेली मोठी बाग होती आणि त्या कुंपणापाशी नाका होता, त्यावरून हे नाव पडलं, असं इथली जुनी माणसं सांगतात. लग्न होऊन मी नांदेडहून इथे आले त्याला 31 वर्षं झाली. तेव्हापासून सकाळचं फिरणं उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात. आर्ट्स कॉलेजच्या गुलाबी ग्रॅनाइटवर कोवळं ऊन पडलेलं असतं, पायऱ्यांवर स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन मुलंमुली बसलेली असतात. त्यातली कितीतरी खेड्यांतून, शिष्यवृत्तीच्या आधारावर आलेली. त्यांच्या बाजूनं जाताना मला गेली वीसेक वर्षं एकच कागद आठवतो. तो हैदराबादचा नाही, बडोद्याचा आहे. तारीख 4 जून 1913.

त्या कागदाकडे जाण्याआधी आजोबांची वही सांगायला हवी, कारण माझं हे वेड तिथून सुरू झालं.

आजोबा अंबाजोगाईला वार लावून शिकले. घरची परिस्थिती बेताची, गावात शाळा नाही. तेव्हा मोठ्या गावात जायचं, सात घरं धरायची आणि आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवायचं. त्यांच्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला शाईनं सात वार लिहिलेले आहेत आणि प्रत्येक वारापुढे एकेक आडनाव. मंगळवारपुढे काहीच नाही. सातवं घर मिळालंच नव्हतं. आजोबांनी त्या दिवशी उपास धरला, आणि पुढे नोकरी लागली, घर झालं, नातवंडं झाली तरी तो सोडला नाही. आजी जन्मभर समजत होती की तो गणपतीचा. आजोबा गेल्यावर वही हाताला लागली, तेव्हा तो उपास कुणाचा ते आम्हाला कळलं.

उरलेल्या सहा घरांबद्दल आजोबा फार कमी बोलत. बोलले की एकच गोष्ट सांगत: वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे न बघता जेवायला शिकावं लागतं. अन्न मिळालं, शिक्षण झालं, पण ते देणं कधी फिटलं असं त्यांना वाटलं नाही. त्या घरांतल्या कुणाचं लग्न निघालं की ते सत्तरीतसुद्धा एस.टी.नं जाऊन येत. वाराचा कागद कुणी करत नाही, त्यामुळे तो कधी संपतही नाही. आणि ही सहा घरं मिळाली तीही आजोबा ब्राह्मणाचे होते म्हणून. ज्या मुलाची सावली त्या ओसरीवर चालत नव्हती, त्याच्या वहीत सातही वार कोरे राहिले असते. वाराची गोष्ट आपल्याकडे फार हळवेपणानं सांगितली जाते, मीही सांगते. पण तिच्यातलं हे पान गाळून ती सांगू नये.

आता बडोदा.

भीमराव रामजी आंबेडकर 1907 साली मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं, हे सगळ्यांना पाठ आहे. केळूसकरांचं नाव इथे येतं आणि लगेच मागे पडतं. मला मात्र या माणसाजवळ थांबावंसं वाटतं. वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे, 1860 सालचे, मुंबईत शिक्षक. शिवछत्रपतींचं मोठं चरित्र त्यांनी लिहिलं. चर्नी रोडच्या बागेत ते संध्याकाळी बसत आणि तिथेच शाळा सुटल्यावर एक मुलगा एकटा वाचत बसलेला त्यांच्या नजरेला पडला. त्यांनी चौकशी केली, पुस्तकं द्यायला लागले. त्यांच्याजवळ पैसा नव्हता. होती ती नजर, आणि ओळख. इंटरनंतर वडील सुभेदार रामजींच्याकडची शिल्लक संपत आली, तेव्हा केळूसकरांनी मुलाला घेऊन थेट सयाजीराव गायकवाडांची भेट घेतली. महाराजांनी दोनचार प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि महिना 25 रुपये मंजूर केले. केळूसकरांचं बुद्धचरित्रही बडोद्याच्या ग्रंथमालेसाठीच लिहिलं गेलं होतं. म्हणजे मुलाच्या हातातलं पुस्तक आणि त्याच्या फीचे पैसे एकाच खजिन्यातून आले होते, आणि दोन्ही वेळा मध्ये उभा होता एक शाळामास्तर. एखाद्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं. मुलाला दारापर्यंत नेणाऱ्याचं लागत नाही. माझ्या लेखी केळूसकरांचा वाटा सयाजीरावांच्या बरोबरीचा आहे.

1913 च्या आरंभी भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि फेब्रुवारीत वडील गेले. त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवायचं ठरवलं. 4 जूनला शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यासमोर करारावर सही झाली. नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा, आणि परत आल्यावर 10 वर्षं बडोदे सरकारची नोकरी करायची. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत 3 वर्षं, 15 जून 1913 ते 14 जून 1916.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला राग आला होता. बावीस वर्षांच्या मुलाच्या आयुष्याची 10 वर्षं लिहून घ्यायची! शिकवायचं तर मोकळेपणानं शिकवा, त्यात अट कसली? आज, आजोबांची वही शेजारी ठेवून वाचते तेव्हा मला त्या करारात वेगळंच दिसतं. त्यावर दोन पक्ष आहेत. एकीकडे संस्थान, दुसरीकडे महार जातीतला एक पदवीधर. दोघांची कर्तव्यं लिहिलेली, दोघांच्या तारखा ठरलेल्या. साडेअकरा पौंड ही दया राहिली नाही, देणंघेणं झालं. न्यूयॉर्कला त्या तरुणानं कुणाच्या चेहऱ्याकडे न बघता जेवण्याची सवय लावून घेतली नाही. कोलंबियाच्या ग्रंथालयात तो जागा अडवून बसला आणि त्याच साडेअकरा पौंडांतून घरीही पैसे पाठवत राहिला.

करार मोडला, पण त्यानं मोडला नाही. 1917 साली शिष्यवृत्तीची वाढवून मिळालेली मुदतही संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून तो शब्दाला जागून बडोद्याला आला. पुढचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी उतारशाळेत नाव बदलून राहिले. काठ्या घेऊन लोक आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितली. बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. करारात विषय लिहिले होते, रक्कम लिहिली होती, वर्षं लिहिली होती. खोली लिहिली नव्हती. इतक्या उदार राजाच्या राजधानीत त्याच्याच शिष्यवृत्तीवर शिकलेल्या अधिकाऱ्याला पाठ टेकायला चार भिंती मिळाल्या नाहीत.

मला वाटतं, पुढे बाबासाहेबांनी शिक्षणासाठी जे जे केलं त्यात ही खोली सतत आहे. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, 1944 पासून, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली; तीत वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना निर्वाहाचा पैसा जास्त मिळतो तो उगाच नाही. 8 जुलै 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली, पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. आणि मग मराठवाडा, जिथे माझी हैदराबादची गोष्ट आणि बडोद्याची गोष्ट एकमेकींना भेटतात.

सिकंदराबादचे बी. एस. वेंकटराव हे नाव आज मराठी वाचकाला माहीत नसेल. एके काळी त्यांना हैदराबादचे आंबेडकर म्हणत. निजामाच्या राज्यात अस्पृश्यांची संघटना बांधण्यात त्यांची उमर गेली. 1947 साली ते निजामाच्या मंत्रिमंडळात शिरले आणि शिक्षणमंत्री झाले. दलितांच्या शिक्षणासाठी 1 कोटी रुपयांचा निधी राज्याच्या तिजोरीतून बाजूला काढण्यामागे त्यांची खटपट होती. त्या काळातले 1 कोटी! पण हीच ती वेळ, जेव्हा बाबासाहेब हैदराबादच्या दलितांना बजावत होते की निजामाची बाजू घेऊ नका. हैदराबादच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे जे. एच. सुब्बय्या बाबासाहेबांच्या बाजूनं; वेंकटराव सरकारात. एकाच वस्तीतली, एकाच दुखण्यासाठी झटणारी माणसं समोरासमोर उभी राहिली. 1948 च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामाचं सरकार गेलं आणि वेंकटरावांच्या वाट्याला तुरुंग आला.

निधी मात्र राहिला. आणि औरंगाबादला कॉलेज काढायचं ठरलं तेव्हा पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं कर्ज घेतलं ते याच निधीतून. म्हणजे ज्या सरकारात जाऊ नका असं बाबासाहेब सांगत होते, त्या सरकारात गेलेल्या माणसाच्या खटपटीचा पैसा बाबासाहेबांच्या कॉलेजच्या भिंतींत गेला. वेंकटरावांचा राजकीय निर्णय चुकला, असं माझं मत आहे. तरीही या कॉलेजच्या इतिहासात त्यांच्या नावाला जागा हवी होती, ती मिळालेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

जून 1950 मध्ये कॉलेज सुरू झालं. 1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे नाव पडलं मिलिंद, आणि परिसराचं नाव नागसेनवन. म. भि. चिटणीस पहिले प्राचार्य. मराठवाडा विद्यापीठ 1958 साली झालं. तोवर या कॉलेजची संलग्नता उस्मानियाशी, म्हणजे आमच्या तारनाक्याच्या या आवाराशी. परभणी, बीड, उस्मानाबादकडच्या मुलांच्या उत्तरपत्रिकांवर याच विद्यापीठाचं नाव असे. आणि वर्गांच्या बरोबरीनं तिथे उभी राहिली वसतिगृहं. गावकुसाबाहेरून आलेल्या मुलाला फी माफ करून भागत नाही. औरंगाबादेत त्याला घर कोण देणार होतं? वार कोण लावणार होतं? इथे कर्ज संस्थेच्या डोक्यावर होतं, मुलाच्या नाही. त्यानं कुणाच्या ओसरीवर उभं राहायचं नव्हतं. आपल्या खोलीत आपला कंदील लावून वाचायचं होतं. त्या खोल्यांतून पुढे दलित साहित्याची एक अख्खी पिढी बाहेर पडली, ते सांगायला नको.

निजामाच्याच राज्यात एक वेगळी वाट चोखाळली गेली होती, तिचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. गोंडांचा पुढारी कुमराम भीम 1940 साली मारला गेल्यावर आदिलाबादच्या गोंडांचा प्रश्न समजून घ्यायला निजाम सरकारनं ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. पुढे ते उस्मानियात प्राध्यापकही झाले. त्यांनी 1943 मध्ये मारलवाई या खेड्यात गोंड शिक्षकांचं केंद्र काढलं. मुलांना शहरात आणण्याऐवजी शाळाच त्यांच्या पाड्यावर नेली आणि पहिली पुस्तकं गोंडी भाषेत, देवनागरी लिपीत केली. खोलीचा प्रश्न तिथे आलाच नाही. मूल आपल्याच घरी झोपत होतं.

12 जानेवारी 1953. ज्या विद्यापीठाला मिलिंद संलग्न होतं, त्याच विद्यापीठाची डी.लिट. बाबासाहेबांना मिळाली. मला त्या दिवसाच्या भाषणांपेक्षा एका गोष्टीचं कुतूहल जास्त आहे: केळूसकर हयात असते तर? ते 1934 सालीच गेले होते.

आमच्या तारनाक्यातली 11 मराठी घरं मिळून काही मुलींच्या शिक्षणाचा खर्च उचलतो. संस्था नाही, नाव नाही. दर दिवाळीला मुली आम्हाला पत्रं लिहीत. ती गोळा करून घरोघर पोचवण्याचं काम माझं. सगळ्या पत्रांत एकच वाक्य असे, आपले उपकार कधी विसरणार नाही. बरीच वर्षं मी ती पत्रं आनंदानं वाटली. नंतर वहीतला मंगळवार डोळ्यांपुढे यायला लागला. गेल्या वर्षी बैठकीत मी पत्रं बंद करा म्हटलं. वाद झाला. एकजण म्हणाले, मुलांना कृतज्ञता शिकवायला नको का? मी म्हटलं, शिकवू, पण आपल्याबद्दलची नको. पत्रं बंद झाली. दोन घरांनी पैसेही बंद केले.

या जूनमध्ये आमच्यातली एक मुलगी घरी आली. तिची आई बिलोलीकडची, आमच्या सोसायटीत स्वयंपाक करते. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "काकू, हे किती वर्षं देणार आणि परत किती द्यायचे, ते लिहून द्या ना."

मी म्हटलं, "अगं, परत कशाला?"

"तसं नको," ती म्हणाली. "कागद करा."

मी डायनिंग टेबलावर एक फुलस्केप काढला. वर तारीख घातली. फीची रक्कम लिहिली, महिने लिहिले, शेवटची तारीख लिहिली. तिनं कागद आपल्याकडे ओढून सावकाश वाचला. त्यांच्या घरात एका खोलीत पाच माणसं राहतात, लहान भाऊ रात्री उशिरापर्यंत टीव्ही लावतो. रकमेच्या पुढे तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: हॉस्टेलचं खोलीभाडं धरून.

परतफेडीची ओळ मात्र अजून कोरी आहे. नोकरी लागल्यावर निम्मी रक्कम फेडेन, असं ती म्हणते. मी म्हणते काहीच नको, आणि आमचं जमत नाही. दर रविवारी ती येते, आम्ही पुन्हा तो कागद काढतो. तिची सही झाली आहे. माझी राहिली आहे.