‘आहटें’चा व्हिडिओ, पण कुठला?

‘अग्नी बँडच्या ‘आहटें’च्या व्हिडिओचा अभ्यास’ एवढंच प्रपोजलमध्ये लिहिलंत, तर गाइडचा पहिला प्रश्न ठरलेला: कुठला व्हिडिओ?

अग्नी मूळचा पुण्याचा बँड. गायक मोहन कन्नन, गिटारवर कोको, पहिला अल्बम २००७ चा. ‘आहटें’ मात्र घराघरांत पोचलं ते एमटीव्हीच्या ‘स्प्लिट्सविला’मुळे. आहटें म्हणजे चाहुली. गाणं विरहाचं आणि कार्यक्रम जोड्या जुळवण्याचा! मला तर हीच गोष्ट सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते.

अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ च्या पुस्तकात गाणं आणि दृश्य यांची तीन नाती सांगितली: दृश्य गाण्याचं चित्रण करतं, त्याच्या अर्थात भर घालतं, किंवा त्याच्याशी फटकून वागतं. आता बघा, कार्यक्रमातल्या दृश्यांवर वाजणारं ‘आहटें’ आणि मैफिलीत चित्रित झालेलं ‘आहटें’ यांचं नातं एकच कसं निघेल? म्हणजे तुमचा निष्कर्ष गाण्याबद्दल नसतो, त्या विशिष्ट आवृत्तीबद्दल असतो.

त्यात यूट्यूबचा घोळ. अपलोडची तारीख म्हणजे प्रदर्शनाची तारीख नव्हे. एखाद्या चाहत्याने कैक वर्षांनी चढवलेली फाइलही सर्चमध्ये वर येते. लिंक, चॅनेल, लांबी, पाहिल्याची तारीख लगेच टिपून ठेवा. व्हिडिओ उद्या उडाला तर हातात तेवढंच उरतं.

आणि कॉमेंट्स? त्या लिहिणाऱ्यांचा डेटा आहे, तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या प्रेक्षकांचा नाही. ते हवे असतील तर त्या वेळी कॉलेजात असलेले पुणेकर गाठून मुलाखती घ्याव्या लागतील, आणि मग मेथडॉलॉजीचं प्रकरण नव्याने लिहावं लागेल.