फोटो देखणा, पण कुठला आणि कधीचा?

२००३ साली कॅननचा ३००डी बाजारात आला आणि डिजिटल एसएलआर हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ लागला. तोवर ३६ फ्रेमचा रोल जपून वापरावा लागे आणि तो धुऊन येईपर्यंत काय टिपले गेले ते कळत नसे. पुढच्या वीस वर्षांत भिगवणला रोहित, कासला फुले, आंबोलीला बेडूक आणि चाळकेवाडीला सरडे टिपणाऱ्यांची महाराष्ट्रात गर्दी झाली. या काळाचा हिशेब बहुधा लेन्सच्या आणि स्पर्धांतल्या बक्षिसांच्या भाषेत मांडला जातो. मला तो अपुरा वाटतो. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोत तारीख आणि वेळ आपोआप लिहून ठेवू लागला, पुढे मोबाइलने ठिकाणही जोडले. माझ्या मते हौशी छायाचित्रणाची खरी कमाई या नोंदीत आहे, आणि तीच आपण सर्वांत बेफिकिरीने उधळली.

चाळकेवाडीचेच उदाहरण घ्या. पवनचक्क्यांच्या त्या पठारावर उन्हाळ्यात गळ्याखालचा रंगीत पंखा फुलवून दगडावर उभा राहणारा नर सरडा हा छायाचित्रकारांचा लाडका विषय. पूर्वी हे सरडे ‘सिटाना’ या प्रजातीत गणले जात. २०१६ साली अभ्यासकांनी ‘सरडा’ ही नवी प्रजाती मांडली आणि इथल्या सरड्याला ‘सरडा सुपर्बा’ ही स्वतंत्र जात ठरवले. त्याआधी काढलेल्या ज्या फोटोवर चाळकेवाडी आणि तारीख लिहिलेली आहे, तो आज या जातीचा जुना पुरावा ठरतो. नुसते काव्यमय शीर्षक असलेला फोटो कितीही सुंदर असला, तरी त्यातला सरडा कोणत्या पठारावरचा हे आता कोण सांगणार? साध्या निसर्गदृश्यालाही हेच लागू आहे. टोपली कारवी काही वर्षांच्या अंतराने फुलते. एखाद्या पठारावर ती कोणत्या साली फुलली हे ठरवायला तारखेचा एक फोटो पुरतो. पक्ष्यांच्या बाबतीत हौशी माणसांच्या नोंदींचे बळ तर सिद्धच झाले आहे. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३ चा अहवाल ९४२ जातींबद्दल बोलतो, तो सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदींच्या आधारे. या सगळ्या नोंदींना फोटो जोडलेला नसतो, हे खरे. पण एखादी नोंद शंकास्पद वाटली, की तपासणारा पहिल्यांदा फोटोच मागतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हौशी माणूस रविवारी बाहेर पडतो, रस्त्याजवळ थांबतो आणि झुडपातल्या करड्या पक्ष्यापेक्षा खंड्याकडे वळतो. मग त्याच्या नोंदींवर भरवसा का ठेवायचा? हा कल खराच आहे. मात्र कुठे, कधी आणि किती वेळ पाहिले हे लिहिलेले असेल, तर अभ्यासकाला तो कल हिशेबात धरता येतो. न लिहिलेली तारीख कोणालाच भरून काढता येत नाही. कलेला ही कारकुनी कशाला, असेही विचारले जाते. फोटोखाली एक ओळ लिहिल्याने त्यातला प्रकाश उणावत नाही.

ठिकाण जाहीर केले की तिथे झुंबड उडते, शिकारीही पोहोचतात, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. घुबडाच्या ढोलीचा पत्ता कोणालाच देऊ नये. पण नोंदवणे आणि जगजाहीर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींचे नेमके ठिकाण झाकले जाते, आणि चारचौघांत दाखवताना तालुका सांगितला तरी भागते. झुंबडीइतकेच नुकसान फोटो ‘जुळवून’ आणण्याने होते. बेडूक किंवा चापडा साप उचलून सोयीच्या फांदीवर ठेवला जातो, शिकारी पक्ष्याला आमिष टाकले जाते, घरट्यासमोरच्या डहाळ्या छाटल्या जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणेही येते, हे अनेकांच्या गावी नसते. शिवाय असा फोटो नोंद म्हणूनही खोटा. ते झाड त्या जिवाचे नसते, ती बसण्याची तऱ्हा त्याची नसते. प्राण्याला त्रास न देण्याचा नियम आणि नोंद खरी ठेवण्याचा नियम इथे एकच होऊन जातात.

खरी नोंदही वाटेत हरवू शकते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला, की त्यातली तारीख आणि ठिकाणाची माहिती गळून पडते. गेल्या काही वर्षांतली बहुतेक देवाणघेवाण याच वाटेने झाली आहे, म्हणून मूळ फाइल काढणाऱ्याने स्वतः जपायला हवी. आयनॅचरलिस्ट आणि पक्षिनोंदींचे ईबर्ड ही संकेतस्थळे जुन्या तारखांच्या नोंदीही स्वीकारतात. तुमच्या हार्ड डिस्कमध्ये २००५ चे, २०१० चे फोटो पडून असतील, तर पुढच्या सहलीआधी ते उघडा आणि कुठे काढले ते आठवते आहे तोवर लिहून ठेवा.