पाळीव कुत्रा, शेततळे आणि आपले विद्यार्थी

कुत्र्यास उपजतच पोहता येते, तेव्हा त्यास पाण्याचे भय नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. तिचा पहिला भाग बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत खरा आहे. दुसरा मात्र खरा नाही. पाण्यात पडलेला कुत्रा अनेकदा पोहता न आल्याने नव्हे, तर बाहेर पडावयास वाट नसल्याने बुडतो. प्राथमिक शिक्षकांनी या विषयाकडे लक्ष देण्याचे कारण असे की, आपला कुत्रा बुडताना पाहून मूल मागचापुढचा विचार न करता पाण्याकडे धावते.

नदीचा काठ बहुधा उतरता असतो. जुन्या बारवेस किंवा पायविहिरीस पायऱ्या असतात. तेथे कुत्रा पोहत काठाशी आला की वर चढू शकतो. शेततळ्याचे तसे नाही. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेनंतर आपल्या राज्यात शेततळी पुष्कळ झाली. पाणी मुरू नये म्हणून त्यांतील अनेकांस प्लास्टिकच्या कागदाचे अस्तर असते. हे अस्तर ओले झाले, त्यावर शेवाळ धरले, की नखांना पकड मिळत नाही. कुत्रा काठाशी येतो, घसरतो, पुन्हा पोहतो आणि अखेर थकून बुडतो. माणसाचीही तेथे हीच गत होते. पट्टीचा पोहणाराही त्या उतारावरून वर येऊ शकेलच असे नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. पहिला उपाय घराजवळच करावा. कुत्र्यास आपल्याप्रमाणे अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंगातील उष्णता कमी करतो. म्हणून उन्हाळ्यात त्यास वारंवार तहान लागते. घरापाशी सावलीत पाण्याची डोण भरलेली असेल, तर तळ्याकडे जाण्याचे एक मोठे कारण नाहीसे होते. दुसरा उपाय म्हणजे तळ्याभोवती खालपर्यंत जाळीचे कुंपण व बंद होणारे फाटक. तिसरा उपाय बाहेर पडण्याच्या वाटेचा. जाड दोराने एकमेकांस बांधलेली जुनी टायरे किंवा मातीने भरलेली पोती काठापासून पाण्याच्या आतपर्यंत सोडावीत व त्यांचा दोर वर भक्कम खुंटीस बांधावा. पाण्याची पातळी उतरली तरी ती पाण्यास टेकतील इतकी लांब असावीत.

कुत्रा पाण्यात पडलाच, तर मुलांनी काय करावे, हे वर्गात स्पष्ट सांगावे. पाण्यात उतरू नये, उतारावर पाऊलही ठेवू नये. ओरडून मोठ्या माणसांस बोलवावे. मोठ्यांनीही सुरक्षित जागी उभे राहून दोर, बांबू किंवा शिडी यांचा उपयोग करावा. विहिरीत दोरांनी बाज सोडता येते. घाबरलेला कुत्रा घरचा असला तरी चावतो. चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. वाचलेल्या कुत्र्यास पुसून उबेत ठेवावे. फुप्फुसांत पाणी गेल्याचा त्रास काही तासांनंतरही उद्भवतो. म्हणून तो बरा दिसला तरी त्यास त्याच दिवशी पशुवैद्यकास दाखवावे.

परिसर अभ्यासाच्या तासास एक सोपा प्रयोग करता येईल. एक फळी तिरपी ठेवून तिच्यावर ओला प्लास्टिकचा कागद पसरावा व त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवावा. तो घसरेल. मग त्याच कागदावर गोणपाट बांधून ठोकळा पुन्हा ठेवावा. फरक मुलांच्या आपोआप ध्यानी येईल. त्यानंतर वर्गातच बसून गावातील पाणवठ्यांची यादी फळ्यावर करावी आणि बाहेर पडावयास वाट असलेले व नसलेले असे त्यांचे दोन गट पाडावेत. वाट नसलेल्या पाणवठ्यांची यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत ठेवावी, म्हणजे त्या त्या मालकाकडून कुंपण व दोर यांची व्यवस्था करून घेता येईल.