आईच्या दंडातून बाळापर्यंत

 आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या भागात घराला लागून गोठा आणि गोठ्याला लागून रान असतं. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू अशाच मातीत आणि शेणात वर्षानुवर्षं तग धरतात. त्यामुळे देवीसारखा हा रोग पृथ्वीवरून पुसून टाकता येत नाही. संरक्षण दर बाळंतपणाला नव्याने पाहावं लागतं.

पूर्वी नाळ विळ्याने कापत आणि तिला शेण किंवा राख लावत. मग आठवडाभरात बाळाचा जबडा आवळायचा, दूध ओढणं थांबायचं. सटवाईची धास्ती नेमकी याच दिवसांची असावी, हा मला योगायोग वाटत नाही. १९८८ साली जगभरात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळं धनुर्वाताने दगावल्याचा अंदाज आहे. २०१५ मध्ये भारत निर्मूलनाच्या निकषात बसला. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, हा तो निकष. स्वच्छ बाळंतपण आणि गर्भवतीच्या दंडातली सुई, या दोन्हींनी हे साधलं.

२०१९ पासून ‘टीटी’ या धनुर्वाताच्या लशीच्या जागी ‘टीडी’ आली, म्हणजे घटसर्पापासूनचं संरक्षणही जोडलं गेलं. बायका अजून ‘टीटी’च म्हणतात. या लशीत जिवंत जंतू नसतो, निष्प्रभ केलेलं विष (टॉक्सॉइड) असतं. आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि ती वारेतून बाळात उतरतात. गोवरासारख्या जिवंत विषाणूच्या लशी मात्र गरोदरपणात टाळतात.

‘या सुईने मूल राहत नाही’ ही अफवा अनेक देशांत फिरली. २०१४ मध्ये केनियात तिने मोठं वादळ उठवलं. तिला एक धागा आपल्याकडचा आहे. डॉ. जी. पी. तलवार यांनी गर्भनिरोधक लस शोधताना गर्भधारणेच्या संप्रेरकाचा एक भाग धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला जोडला होता. ती वेगळी, प्रायोगिक लस होती. आरोग्य केंद्रातल्या टीडीत ते संप्रेरक नसतं. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असा फलक लावण्यापेक्षा हे उलगडून सांगितलेलं बाईला जास्त पटेल, असं मला मनापासून वाटतं.

कोविडच्या वेळी आपण इथेच कमी पडलो. जानेवारी २०२१ मध्ये गर्भवतींना लसीकरणातून वगळलं, कारण चाचण्यांत त्यांना घेतलंच नव्हतं. ‘माहिती नाही’चा अर्थ घरोघरी ‘धोका आहे’ असा झाला. २ जुलैला केंद्राने परवानगी दिली, तेव्हा दरम्यान काय बदललं हे सांगायला हवं होतं: गरोदरपणी कोविड झाल्यास अतिदक्षता विभागात जाण्याचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो, हे दिसलं होतं, शिवाय अमेरिकेत लस घेतलेल्या ३५ हजारांहून अधिक गर्भवतींच्या नोंदींत काळजीचं काही आढळलं नव्हतं. तिथल्या लशी वेगळ्या होत्या, हेही सांगायला हवं होतं.

आशाताईंना सर्वांत अवघड प्रश्न येतो तो असा: “सुई घेतली आणि पोट पडलं, मग?” लस असो वा नसो, लक्षात आलेल्या शंभर गर्भधारणांपैकी दहा ते वीस गर्भपाताने संपतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्यामुळे सुईनंतर काहींचा गर्भपात होणारच. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत हे प्रमाण वेगळं आहे का, हे पाहिल्याशिवाय दोष ठरत नाही. पण ही तुलना त्या बाईला सुई देण्याआधी सांगावी. तिचं मूल गेल्यावर सांगितलं, तर ती सबब वाटते.